हवा खाणारा सरडा आणि त्याचा पिंजरा

शॅमेलिऑन हा प्राणी काही खात नाही, काही पीत नाही, केवळ हवेवर जगतो, अशी समजूत युरोपात जवळजवळ दीड हजार वर्षे टिकून होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने ती आपल्या निसर्गविषयक ग्रंथात लिहून ठेवली आणि पुढे पिढ्यान्पिढ्या ती तशीच उतरवली गेली. आपल्याकडे ज्याला घोयरा सरडा म्हणतात तो याच कुळातला. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, बोटांच्या चिमटीने फांदी पकडणारा, शेपटीची गुंडाळी करणारा आणि रंग बदलणारा हा झाडावरचा सरडा आपल्या परिचयाचा आहे. तो हवेवर जगत नाही हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण एवढी चुकीची समजूत इतका काळ टिकली कशी, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरात या प्राण्याला ठेवायच्या पिंजऱ्याचा सगळा इतिहास दडलेला आहे.

अगदी साध्या दिसणाऱ्या वस्तूच्या रचनेमागे किती विज्ञान असू शकते, याचे हा पिंजरा चांगले उदाहरण आहे. बाष्पीभवन, सापेक्ष आर्द्रता, उष्ण हवेचे वर चढणे, काचेतून गाळले जाणारे अतिनील किरण हे सारे आठवी ते दहावीच्या पुस्तकांत सुटेसुटे भेटणारे विषय इथे एकत्र येतात. म्हणून आम्ही या लेखासाठी तो निवडला.

समजूत आली कोठून?

प्लिनीच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनचे तपशीलवार वर्णन केले होते. त्याने त्याचे विच्छेदनही पाहिले होते. हवा भरून घेऊन अंग फुगवले की याचा रंग बदलतो, अशी त्याची नोंद आहे. या प्राण्याची फुप्फुसे खरोखरच मोठी असतात आणि घाबरला की तो स्वतःला फुगवून घेतो. हवा आत घेताना दिसतो, पण खाताना दिसत नाही. मग तो हवा खातो असे म्हणायला कितीसा वेळ लागणार?

त्यात भर पडली ती बंदिवासाची. पकडून आणलेला शॅमेलिऑन पिंजऱ्यात निमूट बसून राहतो. पुढ्यात पाण्याची वाटी ठेवली तरी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे त्यांचा खर्च थोडा असतो. काही न खातापिता तो बरेच दिवस तग धरतो. पाहणाऱ्याने जे पाहिले ते खोटे नव्हते; त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

इंग्लंडमधील नॉरिच येथील डॉक्टर टॉमस ब्राउन याने १६४६ साली लोकांमधल्या खोट्या समजुतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक प्रकरण शॅमेलिऑनवर आहे. त्याचा युक्तिवाद आजच्या विद्यार्थ्यालाही पटेल असा आहे. या प्राण्याला जीभ आहे, दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत. हवाच खायची असती तर एवढा सरंजाम कशाला लागला असता? पुढे १६६९ साली पॅरिसमध्ये क्लोद पेरो याने शॅमेलिऑनच्या शरीररचनेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या लांब, चिकट टोकाच्या जिभेचे काम विद्वानांपुढे आले. तो कीटक खातो, हे नक्की झाले.

अशा रीतीने अन्नाचा प्रश्न सुटला. पाण्याचा मात्र तसाच राहिला. तो वाटीतले पाणी का पीत नाही?

याचे उत्तर त्याच्या घरात आहे. शॅमेलिऑन बहुतेक आयुष्य फांद्यांवर काढतो. तिथे साठलेले पाणी कोठून असणार? तिथे असतात ते पहाटेचे दव, पावसाचे थेंब आणि धुक्याने भिजलेली पाने. चमकणारा, हलणारा, घरंगळणारा थेंब दिसला की तो जिभेने टिपतो. वाटीतले स्थिर पाणी त्याला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने मरू शकतो, आणि असे असंख्य प्राणी मेले. डोळे खोल जाणे आणि विष्ठेतला एरवी पांढरा असणारा युरिक आम्लाचा भाग पिवळा-नारिंगी होणे, ही त्याच्या तहानेची चिन्हे होत.

तेव्हा पाणी थेंबांच्या रूपात द्यायला हवे, म्हणजेच पिंजऱ्यात फवारा मारायला हवा. पण फवारा मारायचा तो कशाच्या पिंजऱ्यात?

काचेच्या पेटीची देणगी

एकोणिसाव्या शतकातले याचे उत्तर होते काच. ते कसे रूढ झाले, हे पाहण्यासाठी थोडे वनस्पतींकडे वळावे लागेल.

लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना नेच्यांचा छंद होता. पण शहरातल्या कोळशाच्या धुराने त्यांची नेची जगत नसत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंग कधी निघतो याची वाट पाहत असताना त्यांना दिसले की मातीतून एक नेचे आणि थोडे गवत उगवले आहे. दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ होई, काचेवर तिचे थेंब जमत आणि ते पुन्हा मातीत उतरत. बाहेरून पाणी न घालता ही झाडे जवळजवळ चार वर्षे जगली. यातूनच वॉर्ड यांची प्रसिद्ध पेटी जन्माला आली. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि आतली रोपे सुखरूप पोहोचली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. आपल्या चहाच्या कपाशी या पेटीचा असा संबंध आहे.

घरात काचेच्या पेटीत निसर्ग ठेवण्याची प्रथा येथून वाढली. माशांच्या काचपेट्या आल्या, नंतर बेडूक आणि सरडे यांच्याही आल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. जगातले ते पहिले मानले जाते. काच पारदर्शक, स्वच्छ करायला सोपी, ऊब धरून ठेवणारी. पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात काहीच उणे नव्हते.

शॅमेलिऑनच्या दृष्टीने मात्र होते. वॉर्ड यांच्या पेटीचा गुण हा की तिच्यातले पाणी बाहेर जात नाही. शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात हाच दोष ठरतो. बंद काचेत फवारा मारला की भिंती, फांद्या आणि तळ दिवसभर ओले राहतात. विष्ठा आणि मेलेले कीटक यांवर बुरशी धरते. हवा हलत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते आणि फुप्फुसात साचलेला स्राव त्यांना खोकून नीट बाहेर टाकता येत नाही. एकदा फुप्फुसाला संसर्ग झाला की तो हटता हटत नाही. पाळणाऱ्यापुढे असा पेच पडे: फवारा मारावा तर प्राणी फुप्फुसाच्या विकाराने जातो, न मारावा तर तहानेने.

काचेची दुसरी अडचण

काचेची आणखी एक उणीव विसाव्या शतकात ध्यानात आली. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा उपचार करून त्यांची हाडे सुधारतात असे दाखवले. त्वचेवर विशिष्ट अतिनील किरण पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे कॅल्शियम शोषले जाते, हे पुढे स्पष्ट झाले. खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवते. काचेआडून अंगावर येणारे ऊन उबदार असते, पण हाडांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख असलेल्या जोन प्रॉक्टर यांनी या ज्ञानाचा लगेच उपयोग केला. त्यांच्या कल्पनेनुसार १९२७ साली नवे सर्पगृह उभे राहिले. त्यात निरनिराळ्या भागांना निरनिराळी ऊब देणारी विजेची सोय होती आणि अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली होती. प्राण्याला काय दिसते यापेक्षा त्याच्यापर्यंत काय पोहोचते, हा विचार पिंजऱ्याच्या रचनेत आला, हे प्रॉक्टर यांचे मोठे काम. १९३१ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या वारल्या.

खास काच महाग होती. जाळी स्वस्त असते आणि तिच्या छिद्रांतून सूर्यकिरणही येतात, वाराही येतो. पण जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा राहत नाही, या भीतीने ओलावा आवडणाऱ्या प्राण्यांसाठी तिचा विचार फारसा होत नसे.

हवाईचे अंगण

१९७२ साली एक वेगळीच घटना घडली. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, कानेओहे गावातल्या एका दुकानदाराने केनियातून काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. हे तीन शिंगांचे सरडे केनियाच्या उंच, थंड डोंगरांतले. लांबच्या प्रवासाने ते खंगले होते, अंगातले पाणी कमी झाले होते. ते सावरावेत म्हणून दुकानदाराने त्यांना आपल्या अंगणातल्या झाडांवर सोडले. सरडे सावरले, आणि निघूनही गेले.

कानेओहे हे गाव डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूस आहे. समुद्रावरून वारे सतत येतात, सरी पडतात, पाने भिजतात आणि वाऱ्याने पुन्हा सुकतात. काचेत काही महिन्यांत मरणारा प्राणी इथे कोणाच्याही मदतीशिवाय वाढला, त्याला पिल्ले झाली आणि तो इतर बेटांवरही पोहोचला.

हा ठरवून केलेला प्रयोग नव्हता. पण त्यातून जे दिसले ते कोणत्याही प्रयोगाइतके बोलके आहे. या प्राण्याला पाणीही भरपूर हवे आणि वाराही भरपूर हवा. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण झाडावर त्या रोज एकत्र नांदतात. ओले होणे आणि सुकणे यांचे चक्र हेच त्याचे घर आहे.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. हवाईच्या बेटांवर मूळचे सरडेच नव्हते. तिथल्या कीटकांना आणि झाडांवरच्या गोगलगाईंना या शिकाऱ्याची ओळख नव्हती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सरड्यांच्या पोटात तिथल्या मूळच्या गोगलगाई सापडल्याची नोंद आहे. त्यांतल्या काही जाती आधीच नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. हवाई राज्याने हा सरडा आता उपद्रवी ठरवला आहे. एका अंगणातल्या दयेची किंमत दुसऱ्याच प्राण्यांना मोजावी लागली.

थोडे गणित

पाणी आणि वारा यांचा मेळ कसा घालायचा, हे समजण्यासाठी एक हिशेब करून पाहू. समजा, आपला पिंजरा ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच आहे. त्यात ०.४३ घनमीटर हवा मावते. २४ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे पिंजऱ्यातली सगळी हवा धरू शकेल ते फक्त साडेनऊ ग्रॅम. खोलीची आर्द्रता आधीच ५० टक्के असेल, तर आणखी मावेल ते पाच ग्रॅमहून कमी; चहाचा एक चमचा पाणी!

आता फवाऱ्याने १०० ग्रॅम पाणी मारले तर? चमचाभर हवेत जाईल, बाकीचे पानांवर आणि तळावर राहील. बंद पेटीत ते तसेच राहणार. ते सारे सुकवायचे असेल, तर पिंजऱ्यातली हवा किमान एकवीस-बावीस वेळा पूर्ण बदलली पाहिजे. काचेच्या बंद पेटीत हे होणे शक्य नाही. जाळीत मात्र पंख्याशिवायही ते काही तासांत होते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फवाऱ्याचे पाणी हवा ओली ठेवण्यासाठी नसते, ते मुख्यतः पिण्याचे थेंब देण्यासाठी असते. दुसरी, सुकवण्याचे सगळे काम वाऱ्यावर सोपवता येत नाही. तळाशी निचऱ्याची सोय हवीच. म्हणून चांगल्या पिंजऱ्याचा तळ भोके पाडलेला असतो आणि खाली पाणी गोळा करणारे तबक असते.

दोन देश, दोन वाटा

हे सगळ्यांना एकाच वेळी उमगले नाही आणि सगळ्यांनी एकच उपाय केला नाही. जर्मनीतल्या पाळणाऱ्यांनी काच सोडली नाही. त्यांनी पेटीच्या पुढच्या बाजूला खालून जाळीची एक पट्टी बसवली आणि छताला जाळी लावली. वरच्या दिव्याने हवा तापून छतातून बाहेर जाते आणि तिच्या जागी खालच्या पट्टीतून गार हवा आत येते. गिरणीचे धुराडे याच तत्त्वावर चालते. नुसत्या वरच्या जाळीने हे होत नाही, कारण हवा आत यायला वाट नसते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात चारही बाजूंनी जाळी असलेले उंच पिंजरे रूढ झाले. याच सुमारास अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या, येमेनकडच्या डोंगरांतला शॅमेलिऑन बंदिवासात मोठ्या प्रमाणावर वाढवला जाऊ लागला. पकडून आणलेल्या प्राण्यांवरची भिस्त त्यामुळे थोडी कमी झाली. तसे होणे गरजेचेही होते. शॅमेलिऑनचा व्यापार १९७७ पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आला होता आणि केनियाने १९८१ साली त्यांची निर्यात थांबवली होती.

जाळीनेही सगळे प्रश्न सुटले नाहीत. थंड देशात हिवाळ्यात बाहेरची शून्य अंशाची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात घनमीटरला पाचच ग्रॅम बाष्प असते. घरात येऊन ती २२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांवर उतरते. अशा घरात जाळीचा पिंजरा म्हणजे कपडे वाळत घालायची दोरीच. म्हणून मग मागची आणि बाजूची भिंत बंद आणि पुढची बाजू व छत जाळीचे, असे मिश्र पिंजरे आले.

त्यानंतरची दुरुस्ती वेळेची आहे. चेक सरीसृपतज्ज्ञ पेत्र नेचास यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ प्रदेशातल्या हवामानाकडे लक्ष वेधले. तिथे रात्री थंड आणि दमट असतात, पहाटे दव पडते, दिवसा ऊन आणि वारा असतो. म्हणून आज बरेच जण पहाटे दिवा लागण्याआधी बारीक फवारा मारतात, सकाळी पाने सुकू देतात आणि दुपार कोरडी ठेवतात. पाणी आणि वारा यांचे भांडण जागेच्या वाटणीने मिटत नव्हते, ते वेळेच्या वाटणीने मिटले.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सगळे शिकवायला सरडा लागत नाही. एकाच मापाच्या तीन पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या घ्या. पहिलीला झाकण घट्ट लावा. दुसरीच्या तोंडावर डासांची जाळी बांधा. तिसरीच्या तोंडावर जाळी बांधा आणि तळाजवळ एका बाजूला सात-आठ भोके पाडा. चौथे भांडे म्हणून त्याच मापाची, नुसत्या जाळीची नळकांडी करा. प्रत्येकात पानांसकट एक डहाळी ठेवा आणि सारखेच फवारे मारा. कोणत्या भांड्यातला शेवटचा थेंब कधी गेला, हे विद्यार्थ्यांनी तासातासाला नोंदवावे. तराजू असेल तर भांड्यांचे वजनही घ्यावे.

तिसरी बरणी थोडा वेळ उन्हात ठेवा आणि खालच्या भोकांजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला जातो का ते पाहा. दुसऱ्या बरणीच्या तोंडाशी तो कसा वागतो त्याच्याशी तुलना करा. दोन साधे तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळले की खोलीची आर्द्रताही कळते. दोन्ही तापमापकांतला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. हाच प्रयोग श्रावणात मालवणला आणि मे महिन्यात नागपूरला केला तर आकडे अगदी वेगळे येतील. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.

एक सूचना मात्र आवर्जून द्यावी. आपला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सरकारकडे नोंदणी करणे २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केले आहे. कोकणात आणि इतरत्रही घोयऱ्याला विषारी समजून मारले जाते. तो विषारी नाही. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या झुडपावर तो दिसला तर लांबूनच त्याच्याकडे पाहावे. पानावरचा थेंब तो टिपतो का, टिपत असेल तर कोणत्या वेळी, पाने तेव्हा ओली असतात की सुकत आलेली असतात, एवढ्या तीन नोंदी विद्यार्थ्यांनी वहीत केल्या, तरी दीड हजार वर्षे पिंजऱ्याबाहेरून पाहणाऱ्यांना जे कळले नाही ते त्यांना कळलेले असेल.